करवत चालविण्यापूर्वी

(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



हीरक महोत्सवात दगडांविषयी बोलावयास मिळावे, हे औचित्याला धरूनच झाले. हिरा हाही अखेर दगडच. मात्र आज मी हिऱ्याविषयी बोलणार नाही. हिऱ्याची कणी बसविलेल्या करवतीखाली जो दगड ठेवला जातो, त्या अकिकाविषयी बोलणार आहे. वडोद्यात वाढलेल्या आपल्यापैकी कोणालाच अकीक परका नाही. खंभातहून आणलेली लाल मण्यांची माळ, टेबलावरचे पेपरवेट, आजोबांच्या अंगठीतील खडा, अशा कोणत्या ना कोणत्या रूपात तो आपल्या घरी आलेला असतोच.

गेली अनेक वर्षे मी अकिकाचे काप गोळा करीत आले आहे. काप म्हणजे गोट्यातून करवतीने काढलेली पाच-सहा मिलिमीटर जाडीची चकती. व्यापारी तिला स्लॅब म्हणतात. पाहुणे घरी येतात, एखादा काप उजेडासमोर धरतात आणि पुढचा प्रश्न हमखास येतो : "सुंदर आहे. याचे लॉकेट का करून घेत नाही?" प्रश्न साधा वाटतो. पण दुर्मीळ काप हाती असणाऱ्या प्रत्येकाला तो झोप येऊ देत नाही. कापला, तर त्याचे दागिने होतील, चार माणसे ते अंगावर मिरवतील. राखला, तर तो कपाटात राहील आणि बहुधा आपल्या पश्चात कोणाला तो काय आहे हेही कळणार नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच आहे. दगड कापावा की राखावा, आणि ते कशावरून ठरवावे?

प्रथम हा दगड येतो कोठून, ते पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्ह्याचे थरावर थर पसरले. लाव्हा थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका विरघळलेले पाणी त्या पोकळ्यांत झिरपले आणि भिंतींवर एकामागून एक पापुद्रे बसत गेले. अकिकातील पट्टे म्हणजे हेच पापुद्रे. सभोवतालचा काळा खडक काळाच्या ओघात झिजून माती झाला. अकीक कठीण म्हणून उरला, नद्यांबरोबर वाहत गेला आणि गोट्यांच्या थरांत पुरला गेला. नर्मदेच्या खालच्या खोऱ्यात, भडोच जिल्ह्यातील झगडियाजवळच्या रतनपूर परिसरात असे थर आहेत. तेथील टेकडीवर बाबा घोर यांचा दर्गा आहे. सिद्दी समाजाचे ते श्रद्धास्थान असून या भागातील अकिकाच्या व्यापाराचे श्रेय लोकपरंपरा त्यांनाच देते.

रतनपूरचा गोटा जमिनीतून निघतो, तेव्हा त्याच्याकडे कोणी वळून पाहणार नाही. बाहेरून तो मळकट बटाट्यासारखा दिसतो. आतील नक्षी पाहण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे कापणे. तेव्हा "न कापणे हेच थोर" असे सरसकट म्हणणाऱ्याने आधी हे ध्यानी घ्यावे की, करवत चाललीच नसती तर अकिकाचे सौंदर्य मानवाला ठाऊकच झाले नसते.

खंभातच्या कारागिरांची परंपरा याची साक्ष आहे. गोटे आधी उन्हात वाळवायचे, मग मडक्यांत घालून मंद आचेवर भाजायचे. दगडातील लोहाच्या संयुगातून पाणी निघून जाते आणि पिवळट-तपकिरी गोटा तांबडालाल होतो. त्यानंतर जमिनीत रोवलेल्या टोकदार लोखंडी सळईवर दगड टेकवून म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने तो टवका-टवका घडवायचा, घासायचा, हिऱ्याच्या टोकाच्या सामत्याने त्याला भोक पाडायचे आणि शेवटी झिलई द्यायची. ही कला आजची नव्हे. लोथल येथे हडप्पा काळातील मणी घडविण्याचा कारखाना सापडला आहे. सिंधू संस्कृतीचे लांबट लाल मणी मेसोपोटेमियातील उर येथील राजघराण्याच्या दफनभूमीत मिळाले आहेत. असा एक मणी आरपार विंधण्यास कित्येक दिवस लागत. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात उज्जयिनीहून भडोच बंदरात येणाऱ्या अकीक जातीच्या दगडांची नोंद आहे. ज्याने दगड कापला आणि घडविला, त्याने त्याला समुद्रापार नेले. त्या कारागिराच्या दृष्टीने न कापलेला दगड म्हणजे अडकून पडलेले भांडवल, आणि त्याची ती दृष्टी चुकीची नाही.

आता करवतीचा हिशेब पाहा. दहा सेंटिमीटर लांबीचा गोटा आहे असे समजा. सहा मिलिमीटरचा एक काप काढताना पाते सुमारे दोन मिलिमीटर दगड खाते. म्हणजे एका कापामागे आठ मिलिमीटर खर्च. सगळा गोटा कापला तर बारा काप मिळतात आणि जवळजवळ चौथा हिस्सा चिखल होऊन पाण्याबरोबर वाहून जातो. पुढे त्या कापातून लंबगोल खडे काढायचे म्हटले, तर खड्यांमधली जागा, कोपरे आणि कडा वाया जातात. शिवाय पट्ट्यांची नक्षी जी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत वळणे घेत गेलेली असते, ती तुटते. प्रत्येक खडा स्वतंत्रपणे सुंदर दिसेल, परंतु पोकळीच्या भिंतीपासून मध्यापर्यंत थर कोणत्या क्रमाने बसत गेले, ते त्यावरून वाचता येणार नाही.

यासाठी जाणकार मंडळी घाई करीत नाहीत. काप आधी पाण्याने ओला करतात, कारण ओल्या पृष्ठभागावर झिलईनंतरचा रंग आधीच दिसतो. मग उजेडासमोर धरून तडे आणि शिरा शोधतात. जाड कागदाला हव्या त्या आकाराचे भोक पाडून तो कागद कापावरून हळूहळू फिरवतात आणि नक्षी कोठे नेमकी बसते ते पाहतात. खूण शाईने करीत नाहीत, कारण शाई बारीक तड्यांत उतरते. ॲल्युमिनियमच्या अणकुचीदार सळईने केलेली रेघ पाण्यानेही जात नाही. इतके करूनही पुष्कळदा ते काप पुन्हा फडताळात ठेवून देतात. महिनाभराने पाहिले, तर नक्षी वेगळीच दिसू लागते.

काही दगडांत तर ही सावधगिरी मिलिमीटरच्याही आत आणावी लागते. उत्तर प्रदेशातील बांदा शहराजवळ केन नदीच्या पात्रात 'शजर' नावाचा अकीक मिळतो. बांद्याशी मराठी माणसाचे जुने नाते आहे; तेथील नवाबघराणे थोरले बाजीराव आणि मस्तानी यांच्या वंशातले. शजर म्हणजे झाड. या दगडात झाडे, झुडपे, नेचे यांची चित्रे दिसतात, पण त्यात वनस्पतीचा अंशही नसतो. मँगनीज आणि लोहाची द्रावणे दगडातील बारीक फटींत शिरून तेथे फांद्यांसारखी वाढली, त्यांचे ते आकार होत. असे चित्र बहुधा एका पातळ प्रतलातच असते. घासणाऱ्याने थोडे कमी घासले तर झाड धुक्यातच राहते; थोडे अधिक घासले तर ते पार पुसून जाते. तेथे कोठे थांबावे हे कारागिराच्या बोटांनाच कळते. मला वाटते, "कापावा की राखावा" या प्रश्नाइतकाच "कोठे थांबावे" हा प्रश्नही मोलाचा आहे, आणि शजर घासणारा माणूस तो रोज सोडवीत असतो.

विज्ञानही दगड कापते, आणि तेही सौंदर्यासाठी नव्हे. थोर पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनी यांनी राजमहाल टेकड्यांतील निपानिया येथील सिलिकामय दगडांच्या अभ्यासातून 'पेंटॉक्झिली' हा लुप्त वनस्पतींचा नवा गट १९४८ मध्ये जगापुढे मांडला. खोड, पाने, बीजे सुटी सुटी, दगडात दडलेली. ती ओळखायची तर दगडाचे काप काढून, ते झिजवून इतके पातळ करावे लागतात की त्यांतून प्रकाश आरपार जावा. येथे कापणे म्हणजे वाचणे होते. याच साहनींनी लखनौच्या आपल्या संस्थेसाठी जो कोनशिलेचा दगड घडविला, त्यात मात्र निरनिराळ्या काळांतील जीवाश्म जसेच्या तसे बसविले. ३ एप्रिल १९४९ रोजी त्या कोनशिलेचा समारंभ झाला आणि आठवड्याभरातच साहनी निवर्तले. एकाच माणसाने काही दगड कागदाहून पातळ कापले आणि काही अखंड जपले. त्याच्यापुढे प्रत्येक दगडाचे प्रयोजन स्पष्ट होते, म्हणून त्याला यात विसंगती वाटली नाही.

प्रयोजन स्पष्ट नसेल तर काय होते, याचे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. कोहिनूर १८५१ मध्ये लंडनच्या प्रदर्शनात मांडला गेला, तेव्हा लोकांना त्यात अपेक्षित चमक दिसेना. त्याची जुनी घडण भारतीय पद्धतीची होती. पुढच्याच वर्षी त्याला नव्याने पैलू पाडण्यात आले. चाळीस टक्क्यांहून अधिक वजन घासले गेले आणि हिरा सुमारे १०६ कॅरटचा उरला. तो अधिक चमकू लागला, हे खरे. परंतु जुन्या कारागिरांनी तो कसा घडविला होता, हे आता त्या दगडावरून कोणालाच पाहता येणार नाही. त्या दिवसांतल्या आवडीनिवडीने शतकांचा पुरावा पुसून टाकला.

याउलट न कापलेला दगडही बोलतो. कच्छच्या आखाताजवळ बगसरा येथे आपल्याच महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागाने हडप्पा काळातील वसाहतीचे उत्खनन केले. तेथे मणी घडविण्यासाठी आणून ठेवलेल्या कच्च्या दगडांचा, मुख्यतः रंगीबेरंगी जास्परचा, मोठा साठा मिळाला. चार हजारांहून अधिक वर्षांपूर्वी कोणीतरी तो निवडला, साठविला आणि तो कापण्याची वेळ आलीच नाही. तयार मणी आपल्याला कारागिराचे कौशल्य सांगतात. हा साठा त्याची निवड सांगतो. याच विभागातील कुलदीप भान यांनी जोनाथन मार्क केनोयर आणि मास्सिमो विदाले या परदेशी अभ्यासकांसह खंभातच्या आजच्या कारागिरांचा अभ्यास केला. कोणत्या कारखान्यात कोणते टवके, कोणते तुकडे, कोणते फुटके मणी पडून राहतात, यावरून प्राचीन कारखान्यांची रचना उलगडते, हे त्या अभ्यासातून पुढे आले. जो कचरा म्हणून आपण झाडून टाकतो, तोही दस्तऐवज असतो.

आतापर्यंत मी दगडाचे काय होते ते सांगितले. आता माणसाचे काय होते, तेही सांगणे माझे कर्तव्य आहे. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. तो कोरडा घासला की डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते, श्वासाबरोबर फुप्फुसात जाते आणि तेथेच राहते. त्यातून होणाऱ्या रोगास सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. या रोगाने ग्रासलेल्यांना क्षयाचाही धोका अधिक असतो. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने खंभातच्या अकीक कामगारांची तपासणी करून या प्रश्नाचा अभ्यास केला आहे. घासणी बहुधा घरात किंवा घराच्या अंगणातच चालते, त्यामुळे चाकावर कधीही न बसलेल्या बायकामुलांच्या आणि शेजाऱ्यांच्याही श्वासात ती धूळ जाते. पाण्याची धार धरून घासणे आणि धूळ ओढून घेणारी यंत्रणा बसविणे, हे उपाय ज्ञात आहेत. त्यांना खर्च येतो आणि तो खर्च स्वस्त माळेच्या किमतीत बसत नाही. म्हणून मी म्हणते, काप कापावा की नाही हा केवळ संग्राहकाच्या आवडीचा प्रश्न राहत नाही. तो कोण कापणार, कोठे आणि कशा स्थितीत, हे विचारल्याशिवाय त्याचे उत्तर पुरे होत नाही.

या सर्व विचारातून मी स्वतःपुरते चार प्रश्न ठरविले आहेत. नवा काप हाती आला की ते क्रमाने विचारते.

पहिला प्रश्न : हा कोठला आहे, हे निश्चित ठाऊक आहे काय? ज्या खाणीतून आता माल निघत नाही, तेथला नोंद असलेला काप मी कापीत नाही. रंग आणि नक्षी इतरत्रही मिळते. पण बंद झालेल्या ठिकाणाचा नमुना पुन्हा मिळत नाही. जर्मनीतील इडार-ओबरश्टाइनचे स्थानिक अकीक संपत आले, तेव्हा एकोणिसाव्या शतकात तेथील कारागिरांनी ब्राझीलमधून दगड मागविण्यास आरंभ केला. आज तेथला मूळ अकीक पाहायचा तर जुन्या संग्रहांचाच आधार घ्यावा लागतो. उलट, ज्या कापाचे गाव कोणालाच ठाऊक नाही, ज्याला कृत्रिम रंग दिलेला आहे, तो खुशाल कापावा. त्याची लॉकेटे व्हावीत.

दुसरा प्रश्न : याच्या आत अजून वाचण्यासारखे काही आहे काय? अश्मीभूत लाकूड, बियांचे ठसे, अनोळखी स्फटिक दिसला, तर करवत बाजूला ठेवून भूविज्ञानाच्या जाणकाराला दाखवावे. येथेच एक सांगून ठेवते. मध्य प्रदेशातील घुघुआसारख्या जीवाश्म उद्यानातून खडाही उचलू नये. तेथे प्रश्न कापण्याचा नसून संग्रह न करण्याचा आहे.

तिसरा प्रश्न : मधला मार्ग आहे काय? पुष्कळदा असतो. गोट्याचे दोन भाग करावे, एकाला झिलई द्यावी आणि दुसरा तसाच ठेवावा. कापाची फक्त एक बाजू घासावी. कापण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे मोजपट्टीसह छायाचित्र घ्यावे आणि उरलेल्या तुकड्यांवर तोच क्रमांक घालून ते एका डबीत ठेवावे. एवढे केले, तरी कापलेल्या दगडाची अर्धी कथा वाचते.

चौथा प्रश्न मी आताच सांगितला : हा दगड घासणाऱ्याचा श्वास सुरक्षित आहे काय? पाण्याखाली काम करणारा कारागीर मिळेपर्यंत काप थांबू शकतो. सहा कोटी वर्षे थांबला आहे, आणखी सहा महिने थांबेल.

या चारही प्रश्नांतून जो काप पार पडतो, तो मात्र मी निःशंकपणे कापावयास देते. राखण्याचेही एक व्यसन असते. पेटीत बंद ठेवलेला, कोणी न पाहिलेला, चिठ्ठीही नसलेला दगड आणि रस्त्यावरची खडी यांत मला फारसा भेद दिसत नाही. संग्राहक गेला की घरचे लोक त्या पेटीचे काय करतात, हे आपण सर्वजण जाणतो.

पालकांनी माझ्या बोलण्यातून मुलांच्या शिक्षणाविषयी काही उपमा काढली असेल, तर तिचा मी इन्कार करीत नाही. पण ती ताणूही इच्छीत नाही. मुले काही दगड नव्हेत आणि आपल्याला कोठे कापू द्यायचे हे त्यांना सांगता येते. माझे पालकांना मागणे अगदी लहान आहे. आपले मूल नर्मदेच्या, महीच्या किंवा विश्वामित्रीच्या काठाहून एखादा गोटा खिशात घालून आणील, तेव्हा "केर कशाला आणलास?" असे म्हणू नका. त्याला एक चिठ्ठी द्या आणि तिच्यावर कोठे सापडला, कोणत्या दिवशी, कोणी आणला, एवढ्या तीन गोष्टी मराठीत लिहावयास लावा. दगडाचे मोल त्या चिठ्ठीपासून सुरू होते.

माजी विद्यार्थ्यांनाही एक विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी वडिलांनी, आजोबांनी जमविलेले दगड असतील. वडोद्यात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नोकरीनिमित्त गुजरातभर फिरली. कोणी रेल्वेत होते, कोणी पाटबंधारे खात्यात, कोणी तेल खात्यात. ज्यांनी दगड आणले ते अजून आपल्यात आहेत, तोवर त्यांच्यापाशी बसा आणि कोणता दगड कोठला ते विचारून लिहून घ्या. कापायचे की नाही ते मागाहून ठरवता येईल. विचारायचे राहिले, तर तो प्रश्न कायमचा राहतो.

माझ्या संग्रहातील रतनपूरच्या एकाच गोट्याचे तीन काप मी आज शाळेच्या विज्ञानकक्षाला देत आहे. एकाला दोन्ही बाजूंनी झिलई दिली आहे. दुसऱ्यातून एक खडा काढला आहे. तो खडा आणि उरलेले तुकडे सोबत आहेत. तिसरा करवतीखालून निघाला तसाच आहे. तिघांच्या बरोबर एक वही आहे. तिच्या पहिल्या पानावर ठिकाण, तारीख आणि मापे लिहिली आहेत. पुढची पाने कोरी आहेत. तिसऱ्या कापाचे काय करावे, हे पुढच्या विद्यार्थ्यांनी ठरवावे. त्यांनी तो कापला, तरी माझी तक्रार नाही. अट एवढीच की, करवत चालविण्यापूर्वी आपण तो का कापीत आहोत, हे त्यांनी वहीत आपल्या नावानिशी लिहून ठेवावे.